घरच्या घरी डायलिसिस : कोणता प्रकार आपल्याला झेपेल?

‘दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आहेत, आता डायलिसिस करावे लागेल,’ हे वाक्य ऐकले की घरातील माणसे हबकून जातात. पहिला प्रश्न असतो, ‘किती दिवस?’ दुसरा, ‘खर्च किती?’ आणि तिसरा प्रश्न, जो बहुतेक वेळा दवाखान्याच्या पायऱ्या उतरल्यावर सुचतो, तो म्हणजे ‘दर वेळी न्यायचे कोणी?’

या तिसऱ्या प्रश्नाचा हिशेब मांडून पाहा. रुग्णालयातील डायलिसिस बहुधा आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास. म्हणजे वर्षाला १५६ फेऱ्या. साताऱ्यात किंवा कराडात राहणाऱ्याला त्या जमतात. पण पाटण खोऱ्यातील वरच्या गावांत किंवा शिवसागर जलाशयापलीकडे कांदाटी खोऱ्यात राहणाऱ्याने काय करायचे? पहाटेची लाँच, मग गाडी, मग चार तास यंत्रावर आणि संध्याकाळी तोच प्रवास उलट. सोबत येणाऱ्या माणसाचाही रोजगार बुडतो. अशी कुटुंबे तीन-चार महिन्यांत थकतात. मग आठवड्याच्या तीन खेपांच्या दोन होतात, दोनाची एक होते, आणि एके रात्री रुग्णाला धाप लागते.

घरी करता येणारे डायलिसिस आहे, ते जगभर अनेक वर्षे चालू आहे आणि आपल्या जिल्ह्यातही लोक ते करतात, हे अनेकांना ठाऊकच नसते. त्याचे तीन मुख्य प्रकार आहेत. निवड मूत्रपिंडविकारतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच करायची. परंतु आपल्या घरात काय जमेल, हे तज्ज्ञांना आपणच सांगायचे असते. त्यासाठी ही माहिती.

मूत्रपिंडांचे काम

मुठीएवढ्या आकाराची ही दोन इंद्रिये कमरेच्या वर, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना असतात. प्रत्येकात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या. दिवसाला साधारण १८० लिटर द्रव त्यांतून गाळला जातो आणि त्यातील बहुतेक सर्व शरीर परत घेते. उरलेले दीड-दोन लिटर म्हणजे लघवी. टाकाऊ द्रव्ये बाहेर काढणे, पाण्याचा व क्षारांचा तोल राखणे, रक्तदाब सांभाळणे, रक्त तयार होण्यासाठी लागणारे संप्रेरक बनवणे आणि हाडांसाठी ‘ड’ जीवनसत्त्व कार्यक्षम करणे, ही त्यांची कामे.

मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही मूत्रपिंडे निकामी होण्याची आज सर्वांत मोठी कारणे. त्याखालोखाल मूत्रपिंडाचा दाह, मुतखड्याने तुंबलेली लघवी, आनुवंशिक गाठी आणि मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या. कार्यक्षमता १५ टक्क्यांच्या खाली गेली की पुढची तयारी सुरू करायची. डायलिसिस कधी सुरू करायचे हे केवळ क्रिएटिनिनच्या आकड्यावर ठरत नाही. उलट्या, अन्नावरची वासना जाणे, सूज, धाप, वाढलेले पोटॅशियम, असे सर्व पाहून ते ठरते.

डायलिसिस म्हणजे काय?

गरम पाण्यात चहाची पुडी सोडली की पुडी न फाटताही रंग बाहेर येतो. जाळीदार पडद्याच्या एका बाजूला दाट आणि दुसऱ्या बाजूला विरळ द्रव असला की विरघळलेले पदार्थ दाटाकडून विरळाकडे जातात. कोशिंबिरीसाठी चिरलेल्या काकडीला मीठ लावले की तिला पाणी सुटते. म्हणजे पाणी मात्र मीठ किंवा साखर जास्त असलेल्या बाजूला ओढले जाते. डायलिसिसच्या मुळाशी ही दोन तत्त्वे आहेत. टाकाऊ द्रव्ये पहिल्या तत्त्वाने निघतात. शरीरातील जादा पाणी पोटाच्या डायलिसिसमध्ये दुसऱ्या तत्त्वाने निघते, तर रक्ताच्या डायलिसिसमध्ये यंत्र दाबाच्या साहाय्याने ते काढते.

पडदा कोणता वापरायचा, यावरून प्रकार पडले. नेदरलँड्सचे डॉ. विलेम कोल्फ यांनी १९४३ साली, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, सॉसेजच्या सेलोफेन आवरणाची नळी लाकडी पिंपाभोवती गुंडाळून पहिले चालते यंत्र बनवले. अमेरिकेत सिअॅटलला डॉ. स्क्रिब्नर यांनी १९६० साली हातात कायम राहील अशी नळी बसवली आणि जुनाट आजारात वारंवार डायलिसिस करणे शक्य झाले. यंत्रे थोडी आणि रुग्ण फार. त्यामुळे कोणाला जगवायचे हे ठरवण्यासाठी तेथे चक्क नागरिकांची समिती नेमावी लागली. वयात न बसल्यामुळे नाकारल्या गेलेल्या एका शाळकरी मुलीसाठी १९६४ साली लहान यंत्र तयार करून ते तिच्या घरी बसवण्यात आले. घरच्या डायलिसिसची सुरुवात अशा निकडीतून झाली.

दुसरा पडदा निसर्गानेच दिलेला आहे. आपल्या पोटाच्या आतून एक पातळ, रक्तवाहिन्यांनी भरलेले अस्तर असते. त्याला पेरिटोनियम म्हणतात. या अस्तराचाच गाळणी म्हणून सतत वापर करण्याची पद्धत अमेरिकेतील पोपोविच व मॉनक्रीफ यांनी १९७६ साली मांडली. भारतात ती १९९० नंतरच्या दशकात रुजली.

प्रकार पहिला : हाताने बदलायची पिशवी

याला सीएपीडी म्हणतात. बेंबीच्या खाली किंवा बाजूला छोटी शस्त्रक्रिया करून बोटापेक्षा बारीक, मऊ सिलिकॉनची नळी पोटात बसवतात. जखम भरण्यासाठी शक्यतो दोन आठवडे थांबतात. त्यानंतर दोन लिटरची निर्जंतुक द्रवाची पिशवी नळीला जोडायची. आधी पोटातील जुना द्रव खालच्या रिकाम्या पिशवीत उतरवायचा, मग नवा पोटात सोडायचा आणि टोपण लावून मोकळे व्हायचे. यास ३० ते ४० मिनिटे लागतात. द्रव पोटात चार ते सहा तास राहतो, रात्रीचा आठ-दहा तास. दिवसातून बहुधा चार वेळा हे करायचे. सकाळी उठल्यावर, दुपारी जेवणाआधी, दिवेलागणीला आणि झोपताना.

वीज लागत नाही, यंत्र लागत नाही, सुई टोचावी लागत नाही. पिशव्या घेऊन लग्नाला, पंढरपूरला, लेकीकडे जाता येते. काम दिवसरात्र संथपणे चालत असल्याने रक्तदाब एकदम खाली येत नाही; म्हणून अशक्त हृदयाच्या रुग्णांना ही पद्धत अनेकदा सोसते. उरलीसुरली लघवीही जास्त काळ टिकते, आणि त्या थोड्या लघवीचे मोल फार असते.

गैरसोयी? रविवार नाही, दिवाळी नाही, रोजचे रोज. द्रवातील साखर शरीरात शिरते, वजन वाढते, मधुमेह्यांची औषधे वाढवावी लागू शकतात. प्रथिने रोज बाहेर जातात. हर्निया होऊ शकतो. आणि सर्वांत मोठा धोका जंतुसंसर्गाचा. त्याबद्दल पुढे स्वतंत्रपणे लिहिले आहे.

प्रकार दुसरा : रात्रीचे यंत्र

याला एपीडी म्हणतात. पोटाची नळी तीच, द्रव तोच. पण पिशव्या बदलण्याचे काम उशाशी ठेवलेले, पेटीएवढे यंत्र करते. रात्री झोपताना जोडायचे, आठ ते दहा तासांत ते तीन ते पाच वेळा द्रव भरते व काढते, सकाळी सुटका. काहींना दिवसा पोट रिकामे ठेवता येते, काहींना एक पिशवी दिवसभर ठेवावी लागते.

नोकरी करणाऱ्यांना, शाळेत जाणाऱ्या मुलांना, आणि दिवसा मदतनीस नसलेल्या वृद्धांना हे सोयीचे. परंतु यंत्र विकत किंवा भाड्याने घ्यावे लागते, त्याच्या खास नळ्या रोज नव्या लागतात आणि वीज लागते. आपल्याकडे पावसाळ्यात रात्रीची वीज कधी जाईल याचा नेम नसतो. त्यामुळे इन्व्हर्टर हवा, आणि हाताने पिशवी बदलणेही यायला हवे. यंत्र आले म्हणून पहिली पद्धत शिकायची नाही असे करू नये.

आणखी एक मुद्दा. प्रत्येकाच्या पोटाच्या अस्तराची गती वेगळी असते. डायलिसिस सुरू झाल्यावर चार-सहा आठवड्यांनी तिची चाचणी करतात. ज्यांचे अस्तर झपाट्याने काम करते त्यांना रात्रीचे जलद फेरे मानवतात. ज्यांचे संथ असते त्यांना दीर्घकाळ द्रव ठेवणारी हाताची पद्धत बरी.

प्रकार तिसरा : घरी रक्ताचे डायलिसिस

रुग्णालयात होते तेच, पण घरी. हातातील शीर व रोहिणी जोडून ‘फिस्चुला’ तयार करतात. तो पिकायला सहा ते आठ आठवडे, कधी अधिक लागतात. दर वेळी दोन जाड सुया, मिनिटाला दोन-तीनशे मिलिलिटर रक्त यंत्रातून फिरते. घरी असल्यामुळे आठवड्यातून तीनऐवजी पाच-सहा वेळा थोडा थोडा वेळ, किंवा रात्रभर संथ करता येते. अशा वारंवार डायलिसिसने रक्तदाब, सूज, फॉस्फरस चांगले आटोक्यात राहतात. तरुण, उत्साही रुग्णांना याचा मोठा लाभ होतो.

मात्र हे घराला सर्वांत जड जाते. एका वेळेस सुमारे १२० लिटर अतिशुद्ध पाणी लागते. ते बनवताना वाया जाणारे वेगळे. त्यासाठी खास शुद्धीकरण यंत्रणा, पाण्याची नियमित तपासणी, वेगळी वायरिंग, सांडपाण्याची सोय. विहिरीचे किंवा बोअरचे जड पाणी आणि नळाच्या पाण्यातील क्लोरिन थेट चालत नाही. कारण येथे पाणी केवळ पातळ पडद्याच्या पलीकडे, रक्ताच्या शेजारी असते. सुई निसटणे, रक्तदाब अचानक कोसळणे असे प्रसंग येऊ शकतात, म्हणून शिकलेला माणूस शेजारी हवाच. पुण्या-मुंबईसारख्या शहरांत यंत्रासह तंत्रज्ञ घरी येण्याची सेवा मिळते. आपल्या खेड्यापाड्यांत ती आज व्यवहार्य नाही, हे स्पष्ट सांगितलेले बरे.

‘यांतील सर्वांत चांगले कोणते?’ असे सर्रास विचारले जाते. पोटाचे आणि रक्ताचे डायलिसिस यांत आयुर्मानाच्या दृष्टीने एकंदरीत मोठा फरक दिसलेला नाही. हाँगकाँगमध्ये तर १९८५ पासून पोटाच्या डायलिसिसलाच पहिली पसंती देण्याचे सरकारी धोरण आहे. तेव्हा ‘पोटाचे म्हणजे गरिबाचे, दुय्यम’ हा समज काढून टाकावा. जे नियमित होईल, ते चांगले.

तीन घरे, तीन निवडी

कांदाटी खोऱ्यातील बासष्ट वर्षांचे एक आबा. मधुमेह वीस वर्षांचा. तज्ज्ञांनी पोटाचे डायलिसिस सुचवल्यावर मुलगा मला म्हणाला, ‘डॉक्टर, काही काळजी नाही. आमची ही करंल सगळं.’ ‘ही’ दाराशी उभी होती. तिला कोणी विचारलेच नव्हते. मी तिला आत बोलावून विचारले, ‘ताई, तुम्हाला जमेल का?’ ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘करीन की. पण चार टायमाला हात धुवून, दार लावून बसायचं म्हटलं तर भातलावणीच्या दिवसात मला नाय जमायचं. आन् माझ्या हातनं काय चुकलं, तर घरात मलाच बोलतील.’

या दोन वाक्यांत सगळे आले. पिशवी बदलणे अवघड नसते. ते एका माणसाच्या गळ्यात मारणे अवघड जाते. आबांची नजर तपासली, हातांची पकड पाहिली. दोन्ही ठीक होती. मी आबांना म्हटले, ‘तुम्हीच शिकायचे. सूनबाई शिकतील, पण तुम्ही आजारी पडल्यावर करण्यापुरते.’ आबांना ते आधी रुचले नाही. पण शिकले. लघवी बऱ्यापैकी शिल्लक असल्याने तज्ज्ञांनी दिवसाला तीनच पिशव्यांवर सुरुवात केली. आता आबा भिंतीवरच्या कालनिर्णयवर पोटातून निघालेल्या पाण्याचा हिशेब स्वतः लिहितात. पिशव्यांची खोकी बामणोलीपर्यंत गाडीने आणि पुढे लाँचने जातात. पावसाळ्याआधी दीड महिन्याचा साठा भरून ठेवतात.

दुसरे घर पाटणचे. एक्केचाळीस वर्षांच्या प्राथमिक शिक्षिका. शाळेत दुपारची पिशवी बदलायला स्वच्छ, बंद खोली नाही आणि कोणाला कळू नये अशीही इच्छा. त्यांनी रात्रीचे यंत्र भाड्याने घेतले. वीज जाते तेव्हा त्या हाताने पिशवी लावतात. त्यांची तक्रार एकच, यंत्राच्या भोंग्याने यजमानांची झोप मोडते. यजमान म्हणतात, ‘मोडू दे.’

तिसरे घर कराडचे. निवृत्त गृहस्थ, पोटाच्या तीन शस्त्रक्रिया झालेल्या. आतडी व अस्तर एकमेकांना चिकटलेली, त्यामुळे पोटाचे डायलिसिस बाद. मुलगा पुण्याहून यंत्र आणून घरी रक्ताचे डायलिसिस करायचे म्हणत होता. हिशेब केला. पाण्याची यंत्रणा, तंत्रज्ञ, जागा. आणि केंद्र घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर. त्यांनी केंद्राची निवड केली, आणि ती योग्यच होती. घरचे डायलिसिस ही प्रतिष्ठेची गोष्ट करू नये. शिवाय केंद्रावर त्यांना चार समदुःखी भेटतात, तेही एक औषधच.

स्वतःला विचारायचे प्रश्न

निर्णयाआधी घरातील सर्वांनी एकत्र बसून, रुग्णाला मध्ये बसवून, पुढील प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत.

१. डायलिसिस केंद्र किती लांब? पावसाळ्यातही रस्ता चालू असतो का?

२. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रिया, हर्निया झाला आहे का? तसे असल्यास तज्ज्ञांना आधीच सांगा.

३. हृदय अशक्त आहे का? हाताच्या शिरा चांगल्या आहेत का?

४. रुग्णाला दिसते का, बोटे नीट चालतात का? नसल्यास रोज करणारा माणूस कोण, आणि त्या माणसाची संमती त्याच्याच तोंडून घेतली का? तो आजारी पडला तर दुसरा कोण?

५. दार बंद करता येईल अशी एक स्वच्छ जागा आहे का? वाडा नको, कोपरा पुरतो. ओलावा, धूळ, चुलीचा धूर, मांजर-कोंबड्या तेथे नकोत.

६. सामान ठेवायला जागा आहे का? दिवसाला चार पिशव्या म्हणजे महिन्याला १२०. नुसत्या द्रवाचेच वजन २४० किलोच्या आसपास.

७. वीज आणि पाण्याची खात्री किती?

८. महिन्याचा खर्च किती काळ पेलेल?

पाणी ढगाळ दिसले तर

पोटाच्या डायलिसिसवर असलेल्या प्रत्येक घराने हे कपाटावर लिहून लावावे. बाहेर येणारे पाणी स्वच्छ, फिकट पिवळे असते. पिशवीखाली धरलेल्या वर्तमानपत्रातील अक्षरे त्यातून वाचता आली पाहिजेत. पाणी गढूळ झाले, पोट दुखू लागले किंवा ताप आला, तर तो पोटाच्या अस्तराचा संसर्ग समजावा. सकाळची वाट पाहू नये. तज्ज्ञांना किंवा केंद्राच्या परिचारिकेला तत्काळ कळवावे, ती गढूळ पिशवी न फेकता तपासणीसाठी सोबत न्यावी. प्रतिजैविक त्याच दिवशी सुरू व्हायला हवे. बहुधा ते पिशवीतूनच देतात. लवकर उपचार झाले तर बहुतेक रुग्ण बरे होतात. उशीर झाला तर नळी काढावी लागते, जिवावरही बेतते.

हा संसर्ग टाळता येतो. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनानुसार चांगल्या केंद्रात एका रुग्णाला सरासरी अडीच वर्षांत एकापेक्षा अधिक वेळा तो होऊ नये. त्यासाठी नियम साधे आहेत. नखे कापलेली, हातात अंगठी-बांगड्या नाहीत, साबणाने हात स्वच्छ धुऊन कोरडे केलेले, तोंडाला मास्क, पंखा बंद, दार बंद. जोडाचे टोक कशालाही लागता कामा नये. लागले तर तसेच जोडू नये, केंद्राला फोन करावा. पिशवी गरम पाण्यात बुडवून तापवू नये. कोरडी ऊब द्यावी. नदी, विहीर, तळे यांत आंघोळ वर्ज्य. नळीच्या तोंडाशी लाली किंवा पू दिसला तर दाखवावा.

पोटातून पाणी नीट उतरत नसेल तर घाबरू नये. आधी शौचास साफ झाले का ते पाहावे. बद्धकोष्ठ हे त्याचे नेहमीचे कारण. तेही नसेल तर केंद्राला कळवावे.

खाणेपिणे

डायलिसिस सुरू झाल्यावरही अनेक घरांत ‘डाळ बंद, दूध बंद’ हे जुने पथ्य चालूच राहते. ते चुकीचे आहे. डायलिसिसपूर्वी प्रथिने कमी घ्यायची असतात. सुरू झाल्यावर वाढवायची. वजनाच्या दर किलोला रोज सुमारे एक ते १.२ ग्रॅम. पोटाच्या डायलिसिसमध्ये तर रोज पाच ते दहा ग्रॅम किंवा त्याहून अधिक प्रथिने पाण्याबरोबर जातात. अंड्याचा पांढरा बलक, मासे, चिकन, पनीर, सोयाबीन, डाळी, उसळी यांतून ती भरून काढावीत. प्रमाण आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्यावे.

रक्ताच्या डायलिसिसवर असणाऱ्यांनी पोटॅशियम सांभाळावे. शहाळे, केळी, फळांचे रस, सुकामेवा यांपासून दूर राहावे. पोटाच्या डायलिसिसवर ही बंधने बरीच सैल होतात. मीठ मात्र सर्वांनाच कमी. लोणचे, पापड, फरसाण ताटात नको. पोटॅशियमचे ‘कमी सोडियमवाले’ मीठ तर अजिबात नको. कमरख हे फळ मूत्रपिंडाच्या रुग्णांना विषासमान आहे.

खर्च आणि योजना

तुलना करताना फक्त पिशवीची किंमत आणि एका खेपेची फी यांची बरोबरी करू नका. केंद्राच्या बाजूला महिन्याच्या १२-१३ खेपा, प्रवास, सोबत्याची बुडालेली मजुरी हे धरा. घरच्या बाजूला पिशव्या, टोपणे, मास्क, ड्रेसिंग आणि वाहतूक धरा. रक्त वाढवणारी इंजेक्शने व तपासण्या दोन्हीकडे आहेत. लांबच्या कुटुंबाला हा हिशेब अनेकदा अनपेक्षित निघतो.

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत संलग्न रुग्णालयांतील रक्ताच्या डायलिसिसचा समावेश आहे. पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ साली सुरू झाला आणि पोटाच्या डायलिसिससाठी केंद्राने २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. घरी वापरायच्या पिशव्या आपल्याला योजनेतून मिळतील का, किती व कोठून, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून आणि जिल्हा रुग्णालयातून आधीच नक्की करून घ्यावे. ‘पुढे बघू’ म्हणून नळी बसवू नये. पिशव्या परवडत नाहीत म्हणून चाराच्या दोन करणे म्हणजे अर्धवट उपचार. त्यापेक्षा वेळीच प्रकार बदलावा.

आधीपासून करायची तयारी

ज्यांची मूत्रपिंडे हळूहळू उतरत आहेत, त्यांनी आजच काही गोष्टी कराव्यात. डावखुरे नसाल तर डाव्या हाताच्या मनगटापासून कोपरापर्यंतच्या शिरा राखून ठेवा; सलाईन व रक्त तपासणीसाठी हाताच्या पंज्यावरची शीर द्या. पोटाचे डायलिसिस निवडले तरी शिरा राखाव्यात, कारण काही वर्षांनी पोटाचे अस्तर थकू शकते आणि रक्ताच्या डायलिसिसकडे वळावे लागते. ‘ब’ प्रकारच्या काविळीची लस आधीच घ्या. या रुग्णांना तिची मात्रा दुप्पट लागते. वेदनाशामक गोळ्या आणि अज्ञात भस्मे-काढे बंद करा.

मूत्रपिंडाचे रोपण शक्य असेल तर ते बहुतेकांसाठी डायलिसिसपेक्षा सरस आहे. घरात दाता नसेल तर मेंदूमृत दात्याच्या मूत्रपिंडासाठी विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे रुग्णालयामार्फत नाव नोंदवता येते. आपल्या जिल्ह्याला पुणे केंद्र जवळचे. डायलिसिस सुरू होताच नोंदणीचा विषय काढा.

आणि एक गोष्ट जपून सांगायची. फार वृद्ध, अनेक व्याधींनी जर्जर झालेल्या माणसाला डायलिसिसने आयुष्य वाढेलच असे नाही. कधी कधी फक्त रुग्णालयातले दिवस वाढतात. माझ्या ओळखीच्या एका त्र्याऐंशी वर्षांच्या आजींनी सर्व ऐकून घेतले आणि म्हणाल्या, ‘मला टोचू नका, माझ्या माजघरात राहू द्या.’ सूज, उलट्या, खाज यांवर औषधे देऊन त्यांचे शेवटचे महिने बऱ्यापैकी सुखाचे करता आले. हाही एक उपचारच आहे. फक्त तो निर्णय रुग्णाचा हवा, कंटाळलेल्या नातेवाइकांचा नको.

एकदा घेतलेला निर्णय म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. पोटाचे डायलिसिस जमले नाही तर रक्ताचे करता येते, केंद्रावरून घरी येता येते. तज्ज्ञांकडे जाताना वरील आठ प्रश्नांच्या उत्तरांचा कागद सोबत न्या, आणि जो माणूस रोज पिशवी बदलणार आहे, त्यालाही बरोबर न्या. त्याला खुर्ची द्या आणि आधी बोलू द्या.